तुझी आन घेतली, आग्नेस

माझी आग्नेस,

दुपारच्या मौनाची वेळ आहे. मी जपमाळ बाजूला ठेवून हे लिहायला बसलेय. मदरना सांगितलं, वडिलांना पत्र लिहितेय. हे झाल्यावर दोन ओळी वडिलांनाही लिहीन, म्हणजे ते खोटं ठरणार नाही. हसलीस ना? हस. तू गेल्यावर तरी मी सुधारेन असं वाटलं असेल तर विसर ते!

कबरीत निजलेल्या माणसाला पत्र लिहितात का कुणी? वेडेपणाच आहे, कळतं मला. पण उद्या फादर येताहेत. उद्या संत योसेफाचा सण, आणि मिस्सेच्या उपासनेत मला सिस्टर म्हणून वर्षाची व्रतं पुन्हा घ्यायची आहेत. त्याआधी तुला एक गोष्ट कळवायलाच हवी. मी तुझी आन घेतलीय, आग्नेस. तुला न विचारता. चांगली उन्हात उभी राहून, एका धनगरणीच्या पालासमोर, मोठ्याने. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

घाबरू नको, सगळं सांगते. तू म्हणायचीस तसं, "शेंड्याकडून नगं, बुडाकडून सांग."

मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू बैलगाडीत औषधांच्या पेटीवर बसून वाटाणे खात होतीस. मठातली सिस्टर, आणि रस्त्यात वाटाणे! मी वसईकडची, समुद्राच्या वाऱ्यात वाढलेली, भात-मासळी खाणारी. हा घाटनांदुराकडचा उघडा माळ बघून माझं अवसानच गळालं होतं. तू जालन्याकडची. तुला ही माती, ही भाषा, ही उन्हं घरचीच. मला "कावून" म्हणजे "का" हेसुद्धा तू शिकवलंस. पहिल्याच दिवशी विहिरीवर बायांनी घेरलं आणि विचारलं, "नवरा कुटं ऱ्हातो तुमचा?" मी लाजून चूर, आणि तू बादली ओढता ओढता म्हणालीस, "आमचा धनी लई मोठा हाय बाई, समद्यांचं बघावं लागतंय त्याला. आमच्याकडं कवातरीच येतो." बाया खो खो हसल्या. मी मात्र आठवडाभर विचार करत बसले, की ह्याला थट्टा म्हणायची की पाप?

तुझं ते खळीचं प्रकरण आठवतं? शिरवस्त्रांना भाताच्या पेजेची खळ द्यायची हा नियम. इथे भात सणासुदीला. तू आपली जोंधळ्याच्या कण्या शिजवल्यास आणि सगळी शिरवस्त्रं त्यात बुडवलीस! वाळल्यावर त्यांवर असे तांबूस डाग, की मदर त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "सिस्टर, हे डोक्यावर घालायचे की खायचे?" जेवणाच्या पंगतीत, मौनात, आपल्या दोघींना हसू आवरेना. मला ठसका लागला. तुला शिक्षा म्हणून महिनाभर भांडी. मी मात्र ठसक्याच्या जोरावर सुटले.

मग ती साथ आली. मानमोडीचा ताप. तुला काय सांगायचं त्याचं? तूच तर होतीस सगळीकडे. मदर अंथरुणाला खिळलेल्या, आपल्या दवाखान्याच्या ओसरीवर माणसं नुसती आडवी, आणि आपण दोघी काढे उकळत, कपाळावर ओल्या घड्या बदलत फिरत होतो. गावात कुणाच्या घरी चूल पेटत होती, कुणाच्या नव्हती.

त्याच दिवसांत सखूबाई आली. मेंढरंवाली. भर दुपारी, माळावरून चालत, पदराखाली अंगावर पिणारी पोर घेऊन. पोर पीत नव्हती, रडत नव्हती. नखं निळी पडली होती. सखूबाई उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "बगा बाई, हाय का न्हाई ते तरी सांगा." तू पोरीला मांडीवर घेतलंस, छातीला कान लावलास आणि माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मी ओळखलं. आपल्याला शिकवलेलंच होतं ना, मरणाच्या दारात असलेल्या लेकराला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. फादर लागत नाहीत. साधं पाणी आणि ते शब्द, बास.

तू हात पुढे केलास. मी तांब्या दिला. तू विचारलंस, "नाव?" आणि माझं डोकं कोरं झालं, आग्नेस! इतके संत, इतक्या संतिणी, रोज त्यांची माळ ओढतो आपण, एक नाव सुचेल तर शपथ. तू क्षणभर थांबलीस आणि माझंच नाव घेतलंस. "क्लारा, मी तुला बाप्तिस्मा देते..." टाळूवर तीनदा पाणी ओतलंस. सखूबाईला वाटलं, ताप उतरवायला ओततेय. मलाही रडू येत होतं. वाटलं, चला, आपल्या नावाची एक मुलगी आज स्वर्गात जाईल.

आणि ती मेली नाही!

संध्याकाळच्या आत तिने डोळे उघडले, सखूबाईच्या अंगाला तोंड लावलं. तू आनंदाने मला गदागदा हलवलंस. मग एकदम त्या तांब्याकडे पाहिलंस. मी विचारलं, आता गं? तू म्हणालीस, "आता काय? ख्रिस्ताची झाली ती. फादरांना सांगावं लागंल. मदरला आत्ता बोलू नगं, ताप वाढंल त्यांचा. फादर येऊ दे, मीच सांगते सगळं."

मीच सांगते म्हणालीस. आणि आठवडा सरायच्या आत तूच अंथरूण धरलंस आणि उठलीच नाहीस. असं करतात का गं? एवढी मोठी गाठ मारून दोरी माझ्या हातात दिलीस आणि निघून गेलीस. रागावू का तुझ्यावर? रागावलेच होते. तुझ्या अंगावर पांढरं वस्त्र घालताना मी रडत होते, आणि आतल्या आत तुझ्याशी भांडतही होते.

तुला अंत्यविधीची मिस्साही मिळाली नाही. फादर स्वतःच तापाने आडवे होते. मदर काठी टेकत आल्या आणि लॅटिन प्रार्थना म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत नव्हता. मी नुसती आमेन म्हणत राहिले.

तुला वाटेल, इतके महिने मी मूग गिळून का बसले. अगं, फादर उठलेच नाहीत इतके दिवस! त्यांच्या जागी दोनदा आले ते म्हातारे फादर. तुला माहीत आहे ते कसे ऐकतात. कुमसारात पापं सांगायला बसलं की जाळीला कान लावून ओरडतात, "काऽऽय?" त्यांना मी हे सांगायचं म्हणजे मदरसकट सगळ्या गावाला सांगण्यासारखंच! एकदा सुरुवात केली होती. "फादर, एका लेकराचा बाप्तिस्मा..." ते म्हणाले, "हो हो, अभिनंदन!" मी उठून बाहेर आले.

आणि पोर वाढत होती. दर बाजाराला सखूबाई तिला कडेवर घेऊन यायची. कधी लोणी, कधी नुसतीच भेट. आपल्या ओसरीची भिंत धरून ती उभी राहायला लागली. सखूबाई तिला बनू म्हणते. बनू माझ्या जपमाळेचा क्रूस तोंडात घालते. मी तिच्याकडे बघायची आणि मनात यायचं, ही कुणाची? आपल्या धर्माचं म्हणणं, तिला आपल्यातच वाढवायला हवं. एकदा मोठ्या मठात गेलो होतो तेव्हा ऐकलेलं आठवतं ना तुला? कुठल्याशा ठिकाणी असंच एक लेकरू जगलं, मठाने ठेवून घेतलं, आणि आई किती तरी दिवस फाटकाशी बसून राहिली. तेव्हा गोष्ट सांगणाऱ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "पण आत्मा वाचला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तू डोलावली नव्हतीस, हे मला आता आठवतं.

दोन बाजारांपूर्वी निरोप आला, की आपले फादर बरे झालेत, सणाला येतात. ते कडक आहेत, पण खोटे नाहीत, आणि सगळं नियमाने करतात. आता सांगावंच लागणार. मग मी विचार केला, फादरांना सांगण्याआधी तिच्या आईला नको का कळायला? ज्याचं लेकरू त्याला माहीत नाही आणि बाकी सगळ्यांना माहीत, हा कुठला न्याय?

म्हणून सखूबाई आली तेव्हा तिला चिंचेखाली बसवलं आणि सांगितलं. माझ्या तऱ्हेने, अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टाळूवर पानी घातलं ते तापासाठी न्हवं?"

मी म्हटलं, नाही.

"मग आता ती कुनाची म्हनायची?"

मी जपमाळ चाचपत बसले, आग्नेस. तू असतीस तर काहीतरी बोलली असतीस. सखूबाईने बनूला उचललं, लोण्याचं मडकं तिथंच टाकलं आणि चालू लागली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी "सखूबाई, सखूबाई" करत फाटकापर्यंत धावले. फाटकाच्या बाहेर एकटीने जायचं नाही हा नियम, म्हणून तिथेच थांबले. काय हे माझे नियम!

पुढच्या बाजाराला ती आली नाही. ताक विकणारीने सांगितलं, "सखूची पोर लई बेजार हाय. जुलाब लागल्यात. तिला म्हनलं दवाखान्यात ने, तर म्हनती, तितं गेलं की पोर ठिवून घेत्यात."

म्हणजे माझ्या सांगण्यामुळे ती औषधाला येत नाही! तू पाणी घालून जिला जगवलंस ती आता माझ्या बोलण्याने जाणार! मदरना म्हटलं, एक लेकरू आजारी आहे, मार्थाबाईला घेऊन जाऊन येते. आपली मार्थाबाई, चूल सोडून कधी कुठे न जाणारी, तीही पायात वहाणा घालून निघाली. औषधी पावडरची बाटली, साखर, मीठ, उकळलेलं पाणी, सगळं बरोबर घेतलं.

माळ ओलांडून गेलो तर पालासमोर सखूबाई काठी घेऊन उभी. मेंढरं हाकायची काठी. कुत्रं भुंकत होतं, तिने त्याला गप्प केलं नाही.

"दवा त्या धोंड्यावर ठिवा आन जावा," ती म्हणाली.

मी म्हटलं, कशी द्यायची ते दाखवावं लागेल. ती म्हणाली, "सांगा तितूनच."

आतून बनूचा आवाज येत होता. रडणंसुद्धा नाही, नुसतं कण्हणं. मी उन्हात खाली बसले. मार्थाबाईही बसली, कुरकुरत. मी म्हटलं, सखूबाई, मी तुमची पोर न्यायला आले नाही.

"आज न्हाई नेनार. तुमचा पाद्री आला की नेनार. माझा नवरा म्हनला, चल, हलू इतून, बालाघाटाकडं जाऊ. पर पोरीला हितून उचलावं तरी कसं?" तिने काठी जमिनीवर आपटली. "मी काय केलंतं तुमचं? इस्वास ठिवून आलते न्हवं मी?"

मी म्हटलं, नाही नेणार. मी नेऊ देणार नाही. कुणालाच.

"आन घ्या."

मी म्हटलं, देवाची...

"तुमच्या देवाची नगं. त्याच्यापायीच तर हे समदं झालं. तुमची ती दुसरी बाई, जिनं पानी घातलं, ती मेली म्हनं. तिची आन घ्या. मेलेल्या मानसाची आन कुनी खोटी घेत न्हाई."

आणि मी घेतली. उभी राहिले आणि म्हटलं, आग्नेसची आन, बनू तिच्या आईपाशीच राहील.

तिने काठी खाली टाकली. मी आत गेले. चमच्या चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजलं, पावडर दिली. बनूने आधी थुंकलं, मग घेतलं, आणि उन्हं कलायला लागली तेव्हा तिने माझा अंगठा धरला आणि झोपली. सखूबाईने भाकरी केली. ती खाऊनच आम्ही निघालो. बनू आता बरी आहे, काळजी करू नको.

काळजी माझी कर. मी काय बोलून बसले, आग्नेस! आज्ञाधारकतेचं व्रत घेतलेली बाई मी. कुणालाही विचारल्याशिवाय मी सुईदोराही देऊ शकत नाही, आणि एका लेकराचा जन्मभराचा फैसला देऊन आले. फादर म्हणाले, मूल आणा, तर? मदर म्हणाल्या, सिस्टर, तुझं काम आज्ञा पाळायचं, तर? आणि मदरचं भयही मला कळतं. गावात "पोर बाटवली" अशी आवई उठली तर उद्या तहसीलदाराचा माणूस दारात. दवाखाना बंद होईल. मग त्या ओसरीवर यायचं कुणी?

एक पळवाट आहे. रोज ती माझ्या डोळ्यांसमोर नाचते. फादर पहिलं विचारणार, पाणी साधं होतं का? काढा असेल, पेज असेल तर बाप्तिस्मा झालाच नाही! त्या दिवशी कट्ट्यावर दोन तांबे होते. एकात ओव्याचा काढा, एकात विहिरीचं पाणी. तांब्या मी दिला, दुसरं कुणी पाहिलं नाही. मी नुसतं म्हणायचं, "फादर, काढा असावा बहुतेक." संपलं! सखूबाई मोकळी, बनू मोकळी, फादरांच्या डोक्याला ताप नाही. एक शब्द, "बहुतेक". चार दिवस मी तो शब्द घोकतेय.

पण तांब्यात उरलेलं पाणी मी प्यायले होते गं. तू पोरीला पुसत होतीस तेव्हा मला कोरड पडली होती, आणि मी ते घटाघट प्यायले. आपल्या विहिरीचं मचूळ पाणी, दुसरं काही नाही. तुझ्या हातून झालेला बाप्तिस्मा खरा होता. तो मी खोटा पाडू? तुझ्या हातचं शेवटचं मोठं काम, आणि मी त्याला काढा म्हणू? नाही जमणार.

कालपासून प्रार्थनेत सारखं एकच येतं मनात. उद्याचा संत योसेफ. बाळ ख्रिस्ताला मारायला राजाची माणसं निघाली तेव्हा त्याने काय केलं? पोराला आईपासून काढून सुरक्षित जागी ठेवलं का? नाही! आईसकट घेऊन निघाला. आपला प्रभूसुद्धा आईच्याच मांडीवर वाढला की. मग बनूच्या टाळूवर पाणी पडलं म्हणून देवाला तिची आई नकोशी झाली असेल, हे मला पटत नाही. हे मी फादरांसमोर बोलू शकेन का? की जाळीपाशी गेल्यावर नेहमीसारखी त-त-प-प करीन? तू म्हणायचीस, "लई इचार करतीस बग तू. इचार करकरून देवाला बी दमवशील." दमव तूच त्याला आता. तिथे जवळ आहेस तर जरा सांग ना त्याला माझ्याकडे बघायला!

व्रतं घेतली नाहीत तर मठ सोडावा लागेल, आणि मला मठ सोडायचा नाही, आग्नेस. हे तुला तरी ठाऊक असू दे. इथली घंटा, ही ओसरी, तुझी कबर, मदरचं मोडकं मराठी, ह्याच्याशिवाय मला दुसरं घर नाही. वसईला परत गेले तर वडील काही बोलणार नाहीत, पण आई चार दिवस चुलीपाशी डोळे पुसेल. गावात लोक विचारतील. तेही सहन करीन म्हणा. पण सकाळी उठून कुणासाठी पाणी उकळायचं?

तरीही एक ठरवलंय, आणि ते तुला लिहून देते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. व्रतं आपण दर वर्षी घेतो. तुझी आन मी एकदाच घेतली, आणि ती आधी घेतली. म्हणून उद्या मिस्सा सुरू व्हायच्या आत मी फादरांना गाठीन, मदरनाही तिथे बसायला सांगीन आणि सगळं सांगीन. पाणी साधंच होतं, हे सांगीन. बनूला देवाबद्दल सांगायला मी दर आठवड्याला तो माळ तुडवीन, तिच्या आईसमोर बसून, तिला चालेल तेवढंच. आणि लेकरू आईपाशी राहील, असं त्यांच्या तोंडून ऐकलं, तर वेदीपुढे गुडघे टेकीन आणि व्रताचे शब्द म्हणेन.

नाही म्हणाले, तर गुडघे टेकणार नाही. उभी राहीन, आग्नेस.

तुझीच,
क्लारा